चाकांवरचा तंबू

फेब्रुवारी संपत आला की नांदेडची हवा एका दुपारीत बदलते. सकाळी अंगावर चादर लागते, आणि बाराला क्लासच्या जिन्यात घामाचा, झेरॉक्सच्या गरम कागदाचा आणि डब्यातल्या मेथीचा मिळून एक वास कोंडतो. कडुलिंबाची पिवळी पानं पोरांच्या दुचाक्यांच्या सीटवर साचतात. पोरं रस्त्यानं चालताना नुसते ओठ हलवतात, समोरून माणूस आला तरी त्यांना दिसत नाही. हा माझ्या धंद्याचा हंगाम. पंचवीस वर्षं मी बारावीला फिजिक्स शिकवतो, आणि दरवर्षी या दिवसांत घास माझ्या घशाखाली नीट उतरत नाही. घरचे म्हणतात कामाचा ताण आहे. मी त्यांना तसं म्हणू देत आलो.

यंदा याच दिवसांत बायकोच्या डोक्यात ट्रेलर शिरला. मुलगी हैदराबादला नोकरीला लागली, घर रिकामं झालं. कुठल्याशा व्हिडिओत तिनं पाहिलं होतं, गाडीच्या टपावर उघडमीट होणारा तंबू, त्यात नवराबायको, खाली तलाव, हातात चहा. पण आमच्या गाडीच्या टपाला तो भार झेपणारा नव्हता आणि तेवढी उंच शिडी बायकोच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. मग असं ठरलं, की गाडीमागं एक लहान, बुटका, खिशाला परवडणारा ट्रेलर ओढायचा आणि तंबू त्याच्या डोक्यावर बसवायचा. चार पायऱ्या चढलं की अंथरूण.

नांदेडात एकानं पुण्याहून आणलेलं फायबरचं घरकुल विकायला काढलं होतं. आत ओटा, बेसिन, मोरीएवढा पलंग. ते ओढताना आमच्या गाडीचा जीव गेला असता. दुसरा एक ऑनलाइन मागवायचा, सुट्या नळ्यांचा सांगाडा, स्कूटरसारखी चाकं, खाली धक्के झेलणारे पाटे नाहीत. स्वस्त होता, पण आपल्याकडच्या रस्त्यावर त्याचे खिळे औसा येईपर्यंत मोकळे झाले असते. मग कुणीतरी लातूरच्या कांबळेचं नाव सांगितलं. कांबळे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. टंचाईच्या वर्षांत त्यानं टँकरचे सांगाडे केले, आता मागणी आली तर असले लहान ट्रेलरही करतो.

कांबळे पन्नाशीचा, बोलका माणूस. त्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, फायबरचं घर घेऊन काय करता? त्यात बी झोपायलाच जाणार ना? तंबू वर हाय, तर खाली नुसती रुंद पेटी पायजे. पेटी उंच केली आन् वर दोन माणसं झोपवली, तर पहिल्याच वळणावर उलटून सासरवाडी दिसंल." बायको हसली. त्यानं चाकांची रुंदी दाखवली, पाटे दाखवले, चार कोपऱ्यांतले खाली सोडायचे टेकू दाखवले. बायको शिडीवरून वर गेली, तंबूत बसली, जाळीतून तिनं हात हलवला.

"आता टेकू न सोडता झोपलं की काय होतं ते बगा," असं म्हणून कांबळेनं टेकू वर घेतले आणि ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर, जिथं तो गाडीला जोडतात तिथं, पाय ठेवला. दाबला. सोडला.

तंबू डुलला. बायको वरून हसत म्हणाली, "अहो, भूकंप आला."

मी कांबळेला पाय काढ म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन. वेल्डिंग करणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. कांबळेनं पाय काढला आणि म्हणाला, "सर, मजाक केली." मी म्हणालो, मला माहीत आहे.

मला खरंच माहीत आहे. दांडीवर पाय कसा ठेवायचा, किती दाबायचा, कधी सोडायचा, हे त्या गावात माझ्याएवढं कुणालाच माहीत नसेल.

भूकंप झाला त्या साली मी बारावीला होतो. आमचं घर लातूरला औसा रस्त्याच्या बाजूला होतं, पुढे मोठं अंगण, त्यात बाबांचा भाड्यानं चालणारा ट्रॅक्टर आणि दोन चाकांची ट्रॉली. गणपती बोळवून गाव झोपलं होतं, पहाटे जमीन हलली. दिवस उजाडल्यावर बाबा ट्रॉलीत भाकरी, रॉकेल आणि पाण्याचे डबे घेऊन माझ्या मावशीच्या गावाकडे गेले. ते तीन दिवसांनी आले. मधल्या दिवसांत ट्रॉलीनं काय काय वाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, फक्त आल्या आल्या ती चारदा धुतली. ट्रॉलीत एक पत्र्याची पेटी होती, आणि पेटीवर सुनंदा बसली होती. माझी मावसबहीण, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. मावशी, काका आणि धाकटा भाऊ मातीखाली गेले. ती शेणाच्या उकिरड्याकडे गेली होती म्हणून राहिली.

सुनी घरात येईना. उंबऱ्यापर्यंत यायची, वर स्लॅबकडे बघायची आणि मागं सरायची. अंगणात झोप म्हटलं तर जमिनीला अंग लावायची नाही, म्हणायची, खालून हलतं. शेवटी बाबांनी तिला ट्रॉलीजवळ नेलं आणि तिचा हात टायरवर ठेवून म्हणाले, "हे बघ, हे रबर हाय. जमीन किती बी हलू दे, ही नुसती डुलंल. डोस्क्यावर काय पडणार न्हाई, पायाखालून काय जाणार न्हाई." तिनं टायर दाबून पाहिला आणि वर चढली. मग मदतीत आलेला एक कॅनव्हासचा तंबू ट्रॉलीवर बसवला. तो कडेला फाटलेला होता. शेजारच्या खलीलचाचांनी मशिनीवर त्याला ठिगळं मारली, एका बाजूला पडदा शिवून खिडकी केली. ते शिंपी होते, कुडते शिवायचे, तंबू त्यांनी पहिल्यांदाच शिवला. "शाही डेरा हो गया बेटी का," म्हणाले.

असं चाकांवरचं तिचं घर झालं. आत गादी, पेटी, कंदील, आणि तांब्या-पेला. तो तांब्या-पेला त्या हिवाळ्यात आमच्याकडे घरोघरी होता. पेला पालथा घालायचा, त्याच्या बुडावर तांब्या ठेवायचा. धक्का आला की तांब्या पडतो, माणसं बाहेर पळतात. कुणी शिकवलं कोण जाणे, पण सगळ्या गल्लीत रोज संध्याकाळी तांबे पेल्यावर चढायचे. बारीकसारीक धक्के येतच होते. ज्वारी हुरड्याला आली, थंडी पडली, आणि तांबे पडत राहिले.

आणि सुनी अभ्यास करायची. गावाकडच्या कॉलेजातून तिचं नाव आमच्या कॉलेजात घालून घेतलं होतं. लातूरचं तेव्हा नुकतं कुठं नाव व्हायला लागलं होतं, दर पंधरा दिवसांनी चाचणी, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारावर नंबरांची यादी. पहिल्या चाचणीत ती एकेचाळिसावी. दुसरीत चौदावी. तिसरीत पाचवी, मी नववा. घरी बाबा कौतुकानं म्हणाले, पोरगी ट्रॉलीत बसून पाचवी येते, आमचे पंख्याखाली बसून नववे.

पहिल्यांदा ते चुकून झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं आहे. मी ट्रॉलीच्या दांडीवर बसून पाठांतर करायचो. दांडीखाली तीन विटा रचलेल्या असायच्या. ट्रॉलीचा भार मागे जास्त होता, तिकडे तळाला दगड लावले होते. त्या दिवशी वरची वीट कुणी काढली होती की सरकली होती, दांडी अधांतरी होती. मी बसलो तशी ती खाली गेली, मी उठलो तशी मागची बाजू दगडावर आदळली. आत तांब्या पडला. सुनी तंबूतून अनवाणी बाहेर उडी मारून आली, हातात वही. तिच्यामागं गल्ली बाहेर आली. मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ती वही उलटी धरून उभी आहे. दोन दिवस तिनं पान उघडलं नाही. चौथ्या चाचणीत मी सातवा, ती एकोणिसावी.

पुढच्या वेळी वीट मी काढली.

दर चाचणीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, बाया स्वयंपाकात असताना. हातात पुस्तक घेऊन दांडीजवळ जायचं, वीट पायानं बाजूला सारायची, एकदा दाबायचं, सोडायचं, वीट परत लावायची, आणि सगळ्यांबरोबर आपणही ओरडत पळायचं. रोज केलं असतं तर सापडलो असतो, म्हणून रोज केलं नाही. मी हुशार होतो. कधीकधी खरा धक्का यायचा, तो माझ्या पथ्यावर पडायचा.

गल्लीत हळूहळू बोलणं सुरू झालं. आमच्या इथं तर हललं न्हाई, हिच्याच ट्रॉलीत कसं हलतं? पोरीला भास व्हायलेत. कुणी म्हणालं दर्ग्याला न्या, कुणी म्हणालं डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. सुनी प्रत्येकाला पडलेला तांब्या दाखवायची. म्हणायची, मी पाडला न्हाई, आपसूक पडला. बाया एकमेकींकडे बघायच्या. वर्गातल्या पोरांनी तिला नाव ठेवलं, 'रिश्टर'. ते नाव मीच पहिल्यांदा म्हणालो होतो.

खलीलचाचांनी एकदा तिला सांगितलं, "बेटी, हमारे पास तो मशीन की सुई बी नै हली." मग ते ट्रॉलीभोवती फिरले, दांडीपाशी वाकले. वीट तिरकी लागली होती. त्यांनी ती सरळ केली, वर आणखी एक दगडाच्या चिपेचा तुकडा ठोकून बसवला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना वाटलं असावं की मी लाजेन. मी चिपेचा तुकडा दुसऱ्या दिवशी काढला.

आईनं तर पाहिलंच. ती शेगडीसाठी कोळसे घ्यायला बाहेर आली होती आणि माझा पाय दांडीवर होता. ती थांबली. आत सुनी काहीतरी मोठ्यानं पाठ करत होती. आईनं विचारलं, "पेपर कधीपासून हायेत तुझे?" मी तारीख सांगितली. ती कोळसे घेऊन आत गेली. रात्री माझ्या भातावर तूप जरा जास्त होतं.

परीक्षा मार्चमध्ये. लिंबाला मोहोर आला होता आणि वर्गाच्या खिडक्यांतून त्याचा कडू वास यायचा. सुनीचा नंबर दुसऱ्या मजल्यावर आला, माझा तळमजल्यावर. जिन्यापाशी ती थांबली, कठड्याला हात लावून तिनं जिना हलवून पाहिला, मग चढली. पहिले दोन पेपर बरे गेले. केमिस्ट्रीच्या पेपराला तास झाला असेल, वरून सुनीची किंकाळी आली. "हाललं. हाललं." मग बाकं सरकल्याचा आवाज, आणि जिन्यावरून पावलं. त्या साली लातुरात कुणी एकानं असं ओरडणं पुरेसं होतं. सगळी इमारत मोकळी झाली. मीही पळालो. एका मुलीचा जिन्यात हात मोडला. मैदानात उभी राहिलेली पोरं पाणी पाणी करत होती, आणि काहीच झालेलं नव्हतं. माझ्या समोरच्या भिंतीवर शाळेची पितळी घंटा टांगलेली होती. पळताना मी तिच्याकडे पाहिलं होतं. ती हलली नव्हती.

लोकांनी तिला सोडलं नाही. पालक आमच्या दारात आले. एक बाई तर ट्रॉलीवर चढून तंबूच्या दोऱ्या ओढायला लागली. सुनी म्हणत होती, आला होता धक्का, बाकावर पेन गडगडला, मी पाहिलं. उरलेले पेपर तिनं दिले नाहीत. मे महिन्यात शिरूर अनंतपाळचं स्थळ आलं, नवरा बारा वर्षांनी मोठा, बिजवर, पिठाची गिरणी. तंबू उतरवून बाबांनी तो तिच्याबरोबर दिला. तो बिचारा माणूस तंबूलाच हुंडा समजला, असं नंतर गल्लीत हसून सांगायचे.

मला मेडिकलला थोडे गुण कमी पडले. केमिस्ट्रीत. तो पळापळीत गेलेला वेळ. वर्षानुवर्षं मी त्याचा दोष सुनीला दिला, मोठ्यानं, पाहुण्यांत, बायकोला लग्नानंतर आठच दिवसांत. मग बी.एस्सी. केलं, नांदेडला आलो, मग क्लासेसचं पीक आलं, खोल्यांवर खोल्या चढल्या, गल्ल्यांमधून पोरांच्या चपलांचे ढीग दिसू लागले, आणि मी 'सर' झालो. दारावर यादी लावणं मीही सुरू केलं. खालून पहिलं नाव मी वर्गात मोठ्यानं वाचतो. पोरं घाबरली की अभ्यास करतात, असं मी पालकांना सांगतो. जी करत नाहीत त्यांचं काय होतं, ते मी विचारत नाही.

हे सगळं त्या दिवशी कांबळेच्या शेडमध्ये सलग आठवलं असं नाही. मी खुर्चीवर बसलो, पाणी प्यालो. बायकोनं टेकूंसकट ट्रेलर पसंत केला. चार टेकू कसे सोडायचे ते कांबळेनं मला दोनदा शिकवलं. बायकोला तिच्या बहिणीकडे सोडलं आणि मी गाडी शिरूर अनंतपाळकडे घातली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंना हरभरा काढलेला, रानं उघडी पडलेली. चुलीच्या धुरासारखी धूळ उडत होती.

सुनी गिरणीत होती. नवरा गेल्यापासून तीच चालवते. केसांवर, भुवयांवर पीठ. मला तिनं लगेच ओळखलं. "बाळू, ये. बस तिथं पोत्यावर." सगळी फरशी थरथरत होती, पत्र्याच्या भिंती, डबे, माझ्या पायांखालची जमीन, सगळं. मी म्हणालो, तुला याची भीती नाही वाटत? ती हसली. "चालू असल्यावर कशाची? सगळंच हलून राहिलंय. बंद केली का मग भ्या वाटतं." मग तिनं विचारलं, क्लास कसा आहे. तिच्या मुलीला तिनं लातूरला ठेवलं नाही, म्हणाली, उंच उंच बिल्डिंगा, मी कशी ठेवू. मुलगी इथंच बी.ए. झाली.

मी सांगितलं. गिरणीच्या आवाजात, ओरडून सांगावं लागलं. गुन्हा ओरडून सांगताना फार लहान वाक्यं करावी लागतात. ट्रॉली मी हलवत होतो. चाचणीच्या आदल्या दिवशी. वीट काढून. पायानं. दळण घेऊन आलेल्या दोन बाया डबे धरून उभ्या होत्या, त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे.

तिनं आधी हातातला डबा खाली ठेवला. मला वाटलं ती मारेल, आणि मला ते चाललं असतं. पण तिचा चेहरा उजळत गेला. मी असं काही पाहायची तयारी करून आलो नव्हतो.

"म्हंजे ट्रॉली खरंच हलत होती," ती म्हणाली. आणि त्या बायांकडे वळून, "ऐकलं का गं, ट्रॉली खरंच हलायची. मी येडी नव्हते." त्या बाया कशाला तरी हसल्या. सुनीही हसली. डोळ्यांतलं पाणी पिठात ओघळलं, तिनं ते मनगटानं पुसलं.

मग तिनं गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. पत्रे शांत झाले. इतकी शांतता झाली की बाहेर शेळी चारा चावताना ऐकू आली. सुनीनं एका हातानं गिरणीचा खांब धरला.

"मग पेपरातला बी खरा असंल," ती म्हणाली. "तू तर खालच्या मजल्यावर होतास. तो काय तू हलवला न्हाई. मी सगळ्यांला म्हणत आले, बाकीचे भास म्हणा, पण पेपरातला धक्का खरा होता. तू फिजिक्सचा सर हायेस. सांग यांना."

यांना म्हणजे त्या दोन बायांना. हो म्हणायला मला काय लागलं असतं? एक शब्द. त्या दिवशी आला होता धक्का, मीही पाहिला, एवढं म्हणालो असतो तर उरलेलं आयुष्य ती त्या गिरणीत ताठ बसली असती.

मी म्हणालो, "नाही सुने. त्या दिवशी काहीच हललं नव्हतं."

खरं बोलायचं ठरवून आलो होतो म्हणून तसं म्हणालो, असं मी परतीच्या रस्त्यावर मनाशी घोकत होतो. ते खोटं आहे. त्या एका धक्क्यावर माझं मेडिकल गेलं होतं. तेवढा एक मी केलेला नव्हता, आणि तो माझ्या नावावर राहू नये, तिनं तो स्वतःकडे घ्यावा, असं मला वाटलं. तिच्या दारात बसून, तिचं पाणी पिऊन, एवढ्या वर्षांनी, मला पुन्हा तिच्या पुढं नंबर काढायचा होता.

सुनीनं खांबावरचा हात काढला. मग म्हणाली, "बरं. तेवढा माझा."

दारातल्या एका बाईनं विचारलं, सुनंदाबाई, लाईट गेली काय? ती म्हणाली, न्हाई, हाय. तिनं बटण दाबलं. फरशी थरथरायला लागली, आणि ती माझ्याकडे पाठ करून त्या बाईच्या डब्यातली ज्वारी ओतायला लागली. मी मोठ्यानं येतो म्हणालो. तिनं वळून पाहिलं नाही. ऐकू गेलं नसेल, असं म्हणायची सोय त्या आवाजानं मला करून दिली होती.

गाडीत येऊन बसलो, काचा वर केल्या, एसी लावला. मला हलकं वाटत होतं. पुष्कळ दिवसांनी भूकही लागली होती. रस्त्यात गाडी थांबवून मी दोन प्लेट भजी खाल्ली.